ऑनलाइन दुकान आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर : जोडण्याआधी समजून घेऊया



आज विषय थोडा वेगळा आहे. अभ्यासक्रमातला नाही, पण आपल्या घरातला नक्की आहे. पालकसभेला येणाऱ्या आयांपैकी कुणी पापड-मसाले विकतं, कुणी साड्या, कुणी हाताने केलेले दागिने. आधी व्हॉट्सॲपवर विक्री होते, मग कुणीतरी वेबसाइट काढून देतं. ऑर्डरी वाढल्या की प्रश्न येतो, "मॅडम, वेबसाइटवरची विक्री आपोआप टॅलीत येते म्हणे, ते कसं करायचं?"

हा प्रश्न मला विचारतात, कारण आमच्या घरातही असं एक दुकान आहे आणि त्याचा हिशेब रात्री जेवणं झाल्यावर मी लिहिते. जोडणी करताना मी एक मोठी चूक केली होती. वेळीच लक्षात आलं नसतं तर ११,१५० रुपये नको तिथे भरले गेले असते. ती चूक कशी झाली आणि ती टाळायला काय समजून घ्यावं लागतं, हे आज पाहूया.

डी.एड.ला आपण एक सूत्र शिकलो, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. त्याच वाटेने जाऊ. सॉफ्टवेअर अज्ञात असलं तरी नोंदवह्या आपल्याला चांगल्याच ज्ञात आहेत.

१. एकच माहिती, दोन वह्या

ऑनलाइन दुकान म्हणजे वूकॉमर्स किंवा शॉपिफायसारख्या प्रणालीवर चालणारी वेबसाइट. तिला फक्त ऑर्डर कळते. कुणी काय मागवलं, कुठे पाठवायचं, पैसे आले का, पार्सल गेलं का, एवढंच.

हिशेबाचं सॉफ्टवेअर म्हणजे टॅलीप्राइम, झोहो बुक्स वगैरे. त्याला खाती कळतात. विक्री किती, कर किती, बँकेत किती, कुणाकडून येणं किती.

दोन्हीकडे विक्री एकच असते, पण ती दोन भाषांत लिहिलेली असते. जोडणी नसेल तर माणूस दुभाषा होतो. वेबसाइट उघडायची, ऑर्डर पाहायची, टॅलीत टाइप करायची. आपल्याला याची सवय आहे. तीच पटसंख्या हजेरीत, तीच मासिक पत्रकात, तीच यू-डायसमध्ये! प्रत्येक वेळी हाताने लिहिताना कुठेतरी ३४ चे ४३ होतात.

हे टायपिंग संपवणं हा जोडणीचा फायदा. पण माणूस लिहिताना थोडा विचारही करतो. "अरे, ही ऑर्डर तर रद्द झाली होती," असं म्हणून थांबतो. सॉफ्टवेअर असं थांबत नाही, सांगितलं तेवढंच करतं. म्हणून आपण रोज नकळत जे निर्णय घेत होतो, ते जोडणीच्या वेळी एकदाच, पण स्पष्टपणे घ्यावे लागतात.

२. आमच्या घरी काय झालं

माझ्या मोठ्या जाऊबाई गोडा मसाला करतात. सोबत गावातल्या दोन बायका. अर्ध्या किलोचं पाकीट, करासह ५२५ रुपये. पुण्या-मुंबईबरोबर बेळगाव, पणजी, इंदूरलाही पार्सलं जातात. परराज्यात विक्री असल्यामुळे जीएसटी नोंदणी करावी लागली. (मसाल्यासारखा करपात्र माल परराज्यात विकायचा तर उलाढाल कमी असली तरी नोंदणी लागते, हे नव्याने सुरू करणाऱ्या पालकांनी लक्षात ठेवा.)

दिवाळीच्या ऑक्टोबरमध्ये ३१० पाकिटं गेली. नोव्हेंबरमध्ये १३६. या ४४६ ऑर्डरी मी एकेक करून टॅलीत हाताने लिहिल्या. वह्या तपासून झाल्यावर रात्री अकरा वाजता हे काम. डिसेंबरच्या सुरुवातीला कंटाळून एक तयार जोडणी घेतली. पैसे भरले, सूचना वाचत "पुढे, पुढे" करत गेले. ऑर्डरी कधीपासून आणायच्या असं विचारलं, तेव्हा तिमाही पूर्ण असावी म्हणून १ ऑक्टोबर टाकलं. दहा मिनिटांत सगळं झालं. मला इतका आनंद झाला की मी घरात सगळ्यांना चहा केला!

डिसेंबरात ११२ पाकिटं गेली. त्यांच्या नोंदी खरोखर आपोआप आल्या.

आम्ही विवरणपत्र तीन महिन्यांनी भरतो, म्हणजे जीएसटीआर-१ ची मुदत १३ जानेवारी. त्याच्या आठवडाभर आधी मी तिमाहीचा सारांश काढला आणि अभिमानाने जाऊबाईंना दाखवला. विक्री ५,२७,१०० रुपये, पाकिटं १,००४.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हजार पाकिटं म्हणजे पाचशे किलो मसाला. धणे, खोबरं, तीळ सगळं मिळून तीनशे किलोच्या आसपास माल आणलाय मी. उरलेला मसाला आला कुठून?"

मी गप्प. मग ऑर्डरी मोजल्या. ३१० अधिक १३६ अधिक ११२, म्हणजे ५५८. खरी विक्री २,९२,९५० रुपये. ऑक्टोबर-नोव्हेंबरची सगळी विक्री दोनदा लिहिली गेली होती, एकदा माझ्या हाताने आणि एकदा जोडणीने. जास्तीची २,३४,१५० रुपयांची विक्री आणि तिच्यावर ५ टक्क्यांप्रमाणे ११,१५० रुपयांचा कर, जो कुणा गिऱ्हाइकाकडून घेतलेलाच नव्हता. विवरणपत्रातली चूक नंतर सुधारता येते, पण भरलेले पैसे तोवर अडकतात. आमच्यासारख्या छोट्या व्यवसायात ती रक्कम म्हणजे त्या दोन बायकांची मजुरी आहे.

चूक जोडणीची नव्हती. तिला सांगितलं तेच तिने केलं.

जाऊबाईंनी ती कशी पकडली पाहा. त्यांना टॅली येत नाही. पण आपण शालेय पोषण आहाराची नोंदवही जशी तपासतो, तसंच त्यांनी तपासलं. पहिली ते पाचवीला प्रत्येकी १०० ग्रॅम तांदूळ. चाळीस मुलं जेवली तर चार किलो. वहीत आठ किलो दिसले तर सॉफ्टवेअर लागत नाही, प्रश्न आपोआप पडतो.

३. जोडणी म्हणजे नेमकं काय?

तीन प्रकार आहेत.

पहिला, फाइलने. वेबसाइटवरून ऑर्डरींची यादी एक्सेलसारख्या फाइलमध्ये उतरवायची आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची. टॅलीप्राइमच्या अलीकडच्या आवृत्त्या एक्सेल फाइल थेट घेतात. महिन्याला पन्नास-शंभर ऑर्डरी असतील तर हा प्रकार पुरेसा आहे, आणि चढवण्याआधी यादीवर नजर टाकता येते.

दुसरा, तयार जोडणी. प्लगइन किंवा ॲप घ्यायचं, दोन्हीकडची खाती जोडायची, नियम ठरवायचे. आम्ही घेतली ती हीच.

तिसरा, प्रोग्रामरकडून खास करून घेतलेली. छोट्या दुकानाला सहसा गरज नसते.

दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात 'एपीआय' हा शब्द सतत ऐकू येतो. शाळेच्या कार्यालयाची खिडकी डोळ्यांसमोर आणा. कुणीही आत येऊन कपाटं उघडायची नाहीत. खिडकीशी यायचं, ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा, ठरलेला कागद मिळेल. एपीआय म्हणजे सॉफ्टवेअरची अशी खिडकी.

माहिती मिळवण्याच्या दोन पद्धती असतात. एक, दर तासाला खिडकीशी जाऊन "काही नवीन आलं का?" विचारणं. दुसरी, नवीन परिपत्रक आलं की शिपाईमामांनी स्वतः वर्गात येऊन सांगणं. या दुसऱ्या पद्धतीला 'वेबहुक' म्हणतात. पण शिपाईमामा आले तेव्हा वर्ग बंद असेल तर? निरोप चुकू शकतो. म्हणून चांगली जोडणी वेबहुक वापरत असली तरी दिवसातून एकदा स्वतः जाऊन "काही राहिलं नाही ना?" हेही विचारते. विकत घेण्याआधी हा प्रश्न जरूर विचारा.

खिडकीशी ओळख पटवायला एक गुप्त किल्ली लागते. वूकॉमर्समध्ये किल्ली देताना 'फक्त वाचणे', 'फक्त लिहिणे' की 'दोन्ही' असं ठरवता येतं. जोडणीने फक्त ऑर्डरी वाचून टॅलीत न्यायच्या असतील तर 'फक्त वाचणे' एवढाच अधिकार द्या.

आणखी एक फरक. झोहो बुक्स इंटरनेटवर चालतं, त्यामुळे तुमचा कॉम्प्युटर बंद असला तरी नोंदी होत राहतात. टॅलीप्राइम बहुतेकांकडे घरच्या कॉम्प्युटरवर असतं. तो बंद असला, टॅलीत कंपनी उघडलेली नसली, गावात वीज गेली, की नोंदी तेवढा वेळ थांबतात. म्हणून टॅली वाईट असं नाही. आपल्या सीएंना टॅलीची सवय असेल तर ती मोठी सोय आहे. फक्त खोळंबलेल्या नोंदी नंतर आल्या का, हे पाहायची सवय हवी.

४. जनरल रजिस्टर नंबरचा धडा

आता माझ्या चुकीच्या मुळाकडे येऊ. जोडणीने जुन्या ऑर्डरी पुन्हा लिहिल्याच कशा? तिला आधीच्या नोंदी दिसल्या नाहीत का?

दिसल्या नाहीत, कारण ओळखायची खूणच नव्हती. मी हाताने लिहिताना गिऱ्हाइकाचं नाव आणि रक्कम लिहिली, ऑर्डर क्रमांक लिहिला नाही. आपल्या पटावर एकाच नावाची दोन मुलं असली तर आपण कशावरून ओळखतो? जनरल रजिस्टर नंबरवरून. नाव सारखं असेल, जन्मतारीखही सारखी असेल, नंबर वेगळाच असतो. आणि तोच नंबर दोनदा आला तर आपण लगेच म्हणतो, "हे मूल आधीच दाखल आहे."

ऑर्डर क्रमांक हा ऑर्डरीचा जनरल रजिस्टर नंबर. तो प्रत्येक नोंदीच्या संदर्भाच्या रकान्यात असलाच पाहिजे. चांगली जोडणी नवी नोंद करण्याआधी "हा क्रमांक आधी आहे का?" हे पाहते. इंटरनेट तुटून तीच ऑर्डर पुन्हा आली तरी नोंद एकच राहते.

पण ऑर्डर क्रमांक आणि बिल क्रमांक एक करू नका. ऑर्डर रद्द होते, पैसे भरणं अर्धवट राहतं, म्हणून ऑर्डर क्रमांकांत मध्ये मध्ये खाडे पडतात. जीएसटीच्या बिलाचा क्रमांक मात्र ओळीने असावा लागतो, एका आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको आणि तो १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. म्हणून बिलाला स्वतःची मालिका आणि संदर्भात ऑर्डर क्रमांक, असं ठेवा.

५. बँकेत आले तेवढीच विक्री नव्हे

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. इथे भलेभले गोंधळतात, म्हणून सावकाश वाचा.

गिऱ्हाइकाने ५२५ रुपये भरले. त्यात मसाल्याची किंमत ५०० आणि जीएसटी २५. हे पैसे थेट आपल्या बँकेत येत नाहीत. आधी पेमेंट गेटवेकडे जातात. समजा त्याचं शुल्क २ टक्के आहे, म्हणजे १०.५० रुपये. त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १.८९ रुपये. एकूण १२.३९ कापून बँकेत येतात ५१२.६१ रुपये.

मग विक्री किती? बरेच जण पासबुक पाहून ५१२.६१ लिहितात. ते चूक आहे. विक्री ५००, कर २५. गेटवेचं शुल्क हा आपला खर्च आहे आणि त्यावरचा १.८९ रुपयांचा कर नियमात बसत असेल तर वजावटीला मिळतो. ५१२.६१ लिहिलं की विक्रीही चुकते, खर्चही दिसत नाही आणि वजावटही जाते.

आता एका दिवसाचं गणित करू. गेटवे एकेका ऑर्डरीचे पैसे वेगवेगळे पाठवत नाही, एकत्र पाठवतो. समजा आठ ऑर्डरी झाल्या आणि आधीच्या एका गिऱ्हाइकाला पैसे परत द्यायचे होते.

आठ ऑर्डरी : ४,२००.०० रुपये
वजा गेटवे शुल्क : ८४.०० रुपये
वजा शुल्कावरचा जीएसटी : १५.१२ रुपये
वजा परत केलेली रक्कम : ५२५.०० रुपये
बँकेत जमा : ३,५७५.८८ रुपये

पासबुकात फक्त शेवटची ओळ दिसते. त्या एका आकड्यात आठ विक्री, दोन प्रकारची कपात आणि एक परतावा दडलेला आहे.

यावर उपाय आहे मधल्या खात्याचा. हिशेबात 'गेटवेकडून येणे' नावाचं एक खातं उघडा. ऑर्डर झाली की ५२५ रुपये या खात्याला नावे, समोर विक्री ५०० आणि कर २५ जमा. गेटवेचे पैसे बँकेत आले की बँक, शुल्क आणि शुल्कावरचा कर नावे, आणि हे मधलं खातं पूर्ण रकमेने जमा. परतावा दिला तर विक्रीची क्रेडिट नोट करा आणि ती रक्कमही याच खात्याला जमा करा.

असं केलं की हे खातं आपला पहारेकरी होतं. त्यात शिल्लक फक्त त्या ऑर्डरींची राहायला हवी ज्यांचे पैसे गेटवेकडून अजून यायचे आहेत, म्हणजे साधारण शेवटच्या दोन-तीन दिवसांच्या. शिल्लक वाढत चालली तर समजा, काहीतरी दोनदा लिहिलं जातंय किंवा पैसे अडकलेत. उलटी गेली तर एखादी विक्री लिहायची राहिली.

माझ्याकडे हे खातं नव्हतं. असतं तर त्यात २,३४,१५० रुपये पडून दिसले असते आणि मला डिसेंबरातच कळलं असतं.

घरपोच रोखीने पैसे घेत असाल तर त्यासाठी 'कुरिअरकडून येणे' असं वेगळं खातं ठेवा. ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या ठिकाणी विकत असाल तर त्यांचंही वेगळं. तिथे कमिशनशिवाय आणखी कपात असते. जीएसटीचा टीसीएस, जो १० जुलै २०२४ पासून निम्मा होऊन ०.५ टक्का झाला, आणि आयकराचा टीडीएस, जो १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. या दोन्ही रकमा खर्च नाहीत. त्या आपल्या नावावर सरकारकडे जमा असतात आणि पुढे मिळवता येतात. जोडणीने त्या 'कमिशन' मध्ये मिसळल्या तर आपलेच पैसे आपण विसरून जातो.

६. कोणती गोष्ट कोणत्या खात्यात?

जोडणी सुरू करताना ती एक तक्ता विचारते. दुकानातलं हे इकडे कोणत्या खात्यात लिहू? या तक्त्याला वेळ द्या. तीन जागी जास्त चुका होतात.

पहिली, कराचा दर. मसाल्यावर ५ टक्के आहे, पापडावर कर नाही. एकाच दुकानात दोन्ही असतील तर प्रत्येक वस्तूला तिचा दर आणि एचएसएन कोड दोन्हीकडे सारखा हवा. 'सगळ्याला ५ टक्के' असं एकदा झालं की पापडावरही कर दिसत राहतो.

दुसरी, राज्य. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच टक्के. परराज्यातलं असेल तर आयजीएसटी पाच टक्के. एकूण रक्कम तीच असल्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही, पण विवरणपत्रात ती वेगळ्या रकान्यात जाते. आमच्याकडे बेळगावच्या एका ताईंनी पत्ता मराठीतून लिहिला आणि राज्यही महाराष्ट्र निवडलं! पिनकोडच्या पहिल्या अंकावरूनही राज्य ठरत नाही. महाराष्ट्राचे पिनकोड ४ ने सुरू होतात, तसेच गोव्याचेही ४०३ ने सुरू होतात. म्हणून ऑर्डरीच्या फॉर्ममध्ये राज्याचा रकाना सक्तीचा ठेवा आणि परराज्याच्या सीमेवरच्या पत्त्यांकडे जरा लक्ष ठेवा.

तिसरी, ऑर्डरीची अवस्था. कोणत्या अवस्थेला बिल करायचं? वूकॉमर्समध्ये 'पैसे बाकी', 'प्रक्रियेत', 'पूर्ण', 'रद्द', 'परतावा' अशा अवस्था असतात. 'पैसे बाकी' असलेली प्रत्येक ऑर्डर बिल म्हणून गेली तर कधीच न झालेली विक्री वहीत येते. बिल माल निघताना किंवा त्याआधी व्हायला हवं, उशिरा नको. आम्ही पैसे आले आणि पार्सल बांधायला घेतलं की बिल, असा नियम ठेवलाय.

७. जोडण्याआधीची तयारी

१. दोन्हीकडचा बॅकअप घ्या.
२. सुरुवातीची तारीख ठरवा. त्या तारखेआधीचं सगळं हाताने, त्या तारखेपासूनचं सगळं जोडणीने. मध्ये एकही दिवस सामाईक नको. महिन्याची किंवा तिमाहीची पहिली तारीख सोयीची.
३. वस्तूंची नावं आणि कोड दोन्हीकडे तंतोतंत सारखे करा. 'गोडा मसाला ५०० ग्रॅ' आणि 'गोडा मसाला अर्धा किलो' या सॉफ्टवेअरला दोन वेगळ्या वस्तू वाटतात.
४. मधली खाती उघडा.
५. खाते-तक्ता आपल्या सीएंना किंवा कर सल्लागारांना दाखवा. अर्ध्या तासाचं काम आहे.
६. टॅलीत चाचणीसाठी वेगळी कंपनी उघडा आणि पाच ऑर्डरी आणून पाहा. एक महाराष्ट्रातली, एक परराज्यातली, एक सवलतीची, एक रद्द झालेली, एक परताव्याची. पाचही बरोबर लिहिल्या गेल्या तरच खऱ्या कंपनीला जोडा.
७. तीच ऑर्डर मुद्दाम दुसऱ्यांदा पाठवा. दुसरी नोंद झाली तर जोडणी अजून तयार नाही.

सातवा मुद्दा मी शिकले तो माझ्याच चुकीतून.

८. जोडल्यानंतर महिन्यातून एकदा

"आता आपोआप होतंय, पाहायची गरज नाही," हे वाक्य मनातून काढून टाका. टायपिंगचा वेळ वाचला, त्यातला अर्धा तास मेळ घालायला ठेवा. चार मेळ पुरेत.

ऑर्डरी आणि बिलं : पाठवलेल्या ऑर्डरींची संख्या आणि बिलांची संख्या सारखी आहे का?
मधलं खातं : शिल्लक फक्त शेवटच्या काही दिवसांची आहे का?
बँक : पासबुकातली प्रत्येक जमा हिशेबात सापडते का? कॅशबुक-पासबुकाचा मेळ आपण शाळेत घालतोच.
माल : विकलेली पाकिटं आणि आणलेला कच्चा माल यांचं गणित बसतं का?

चौथा मेळ कोणतंही सॉफ्टवेअर तुमच्याइतका चांगला घालू शकत नाही, कारण माल तुमच्या हातातून गेलेला असतो. आमच्या घरी आता नियमच आहे. सारांश मी काढते आणि विवरणपत्र भरण्याआधी जाऊबाई पाहतात.

त्या जानेवारीत पुढे काय झालं ते सांगते. बॅकअप घेऊन जोडणीने आणलेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ४४६ नोंदी शोधल्या आणि माझ्या हातच्या नोंदींशी एकेक पडताळून काढून टाकल्या. उरलेल्या नोंदींत ऑर्डर क्रमांक लिहिले. तीन रात्री गेल्या. विवरणपत्र मुदतीत गेलं, २,९२,९५० रुपयांच्या खऱ्या विक्रीचं.

९. वर्गात घेता येईल असा खेळ

चौथी-पाचवीच्या मुलांना हे खेळातून छान कळतं. तीन मुलं निवडा. एक 'दुकान', एक 'वही', एक 'बँक'. दहा चिठ्ठ्यांवर ऑर्डरी लिहा, प्रत्येकीवर क्रमांक आणि रक्कम. दुकान चिठ्ठी वाचून दाखवेल, वही लिहील, बँक खोटे पैसे मोजेल आणि प्रत्येक ऑर्डरीमागे दोन रुपये शुल्क बाजूला काढेल. मध्येच एक चिठ्ठी गुपचूप दुसऱ्यांदा द्या. पहिल्या फेरीत वहीने फक्त रक्कम लिहायची, दुसऱ्या फेरीत क्रमांकासह. मग विचारा, "कोणत्या फेरीत चूक सापडली? का सापडली?"

माझ्या वर्गातल्या एका मुलीने उत्तर दिलं, "बाई, नंबर असला की चिठ्ठी परत आली तर ओळखू येते." मला जे शिकायला तीन रात्री लागल्या, ते तिला एका तासिकेत समजलं.

पालकहो, दुकान लहान आहे म्हणून हिशेब पुढे ढकलू नका. दिवसाला पाच ऑर्डरी आहेत तोवर घडी बसवणं सोपं असतं. आधी फाइलने सुरुवात करा, मधलं खातं उघडा, ऑर्डर क्रमांक लिहायची सवय लावा. त्यानंतर जोडणी कोणतीही घ्या, ती तुमचं ऐकेल. फक्त तिला काय सांगायचं, ते आधी आपल्याला माहीत हवं.